पपनसाचा वास आणि 38चा आकडा

पेल एल या फिकट रंगाच्या, कडवट बीअरचा ग्लास समोर आला की परीक्षक आधी त्यात नाक खुपसतो. रंग मागाहून, घोट त्याच्याही मागाहून. बघणाऱ्याला हे नाटक वाटतं, पण कारण साधं आहे. बीअर ओतल्याबरोबर जे हलके वास उडतात त्यातले काही, विशेषतः गंधकयुक्त, थोड्याच वेळात विरून जातात. रंग कुठे पळून जात नाही.

अमेरिकन पेल एलचा वस्तुपाठ म्हणून सिएरा नेवाडा पेल एलचं नाव घेतात. केन ग्रॉसमन यांनी कॅलिफोर्नियातल्या चिको गावी ती 1980 मध्ये आणली. तिचा जीव कॅस्केड जातीच्या हॉप्समध्ये आहे. हॉप्स म्हणजे एका वेलीच्या मादी फुलांचे शंकूसारखे तुरे. कॅस्केडचा संकर 1956 सालचा, पण ऑरेगनमधल्या सरकारी संशोधकांनी ती जात लागवडीसाठी खुली केली ती थेट 1972 मध्ये. तिकडचे लोक या वासाला ग्रेपफ्रूटचा म्हणतात. मला विचाराल तर तो पपनस सोलताना बोटांना राहतो तो वास, आतल्या पांढऱ्या सालीच्या कडवटपणासकट.

बीअर बनवताना हॉप्स उकळत्या कढईत दोनदा पडतात. त्यातली अल्फा आम्लं मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तासभर उकळल्यावर त्यांच्या रेणूची घडण बदलते, ती विरघळू लागतात आणि बीअर कडू होते. पण तेवढ्या वेळात सुगंधी तेलं वाफेबरोबर निघून जातात. म्हणून सुरुवातीचे हॉप्स कडवटपणासाठी आणि शेवटी टाकलेले वासासाठी. मेथीदाणे फोडणीत आणि कोथिंबीर भांडं उतरवताना, तसंच.

बाटलीवर किंवा मेनूवर कडवटपणाचा आकडा असतो, आयबीयू. सिएरा नेवाडाचा 38. ढोबळमानाने एक आयबीयू म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू आम्ल. प्रयोगशाळेत बीअरमधली कडू द्रव्यं वेगळी काढून ती 275 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश किती शोषतात, ते मोजतात. यंत्राला गोडवा कळत नाही, जिभेला कळतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, आपण सत्त्वासाठी नाचणीला मोड आणतो तसा. भरपूर माल्टच्या गोडसर बीअरमध्ये तेच 38 बुजून जातात, कोरड्या पेल एलमध्ये टोचतात. आकडा बघून बीअर मागवणाऱ्यांची मला म्हणूनच गंमत वाटते.

पटत नसेल तर नाक दाबून बडीशेप चघळा. नुसती गोडसर लागेल. नाक सोडा, की बडीशेप ‘येते’. गिळताना घशामागून नाकात जाणारी हवा हे काम करते. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बीअरचे सहसा गिळतात, ते याचसाठी आणि मागे रेंगाळणारा कडवटपणा जोखण्यासाठी. बीजेसीपी या परीक्षक संघटनेच्या गुणपत्रिकेत 50 पैकी वासाला 12, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5, एकूण परिणामाला 10 आणि दिसण्याला फक्त 3 गुण आहेत.

दोष ओळखण्याचं कामही मुख्यतः नाकाचंच. पुण्यात एका ठिकाणी मला पेल एलमध्ये चक्क लोण्याचा वास आला. पपनस पार दबलं होतं. हा डायअ‍ॅसिटिल. विरजण लावून काढलेल्या लोण्याच्या वासातही तोच असतो. आंबताना यीस्टच त्याला जन्म देतं आणि वेळ दिला तर पुन्हा गिळूनही टाकतं. त्यामुळे माझा पहिला संशय घाईवर, दुसरा पिंपातून बीअर आणणाऱ्या न धुतलेल्या नळ्यांवर. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बीअर जुनी.

ऊन लागलेली बीअर घरी करून बघता येते. एकच बाटली दोन काचेच्या ग्लासांत ओता. एक कपाटात ठेवा, दुसरा दहा मिनिटं उन्हात. प्रकाशामुळे हॉप्समधली कडू आम्लं तुटतात आणि गंधकाचा एक रेणू तयार होतो. स्कंक नावाचा अमेरिकन प्राणी शत्रूवर जो फवारा सोडतो, त्यातल्या द्रव्यांचा हा सख्खा भाऊ. तपकिरी बाटली असते ती यासाठीच. मग घरातल्या कुणाला तरी तीन पेल्यांत ओतायला सांगा, दोनांत एक आणि तिसऱ्यात दुसरी, आणि डोळे मिटून वेगळा पेला शोधा. नुसत्या अंदाजानेही सरासरी तीनदा सांगून एकदा बरोबर येतं, म्हणून चार-पाच फेऱ्या करा.