कॉन्ड्रोक्लॅडिया लायरा

खोल समुद्रात राहणारा मांसाहारी स्पंज. कुल क्लॅडोर्‍हायझिडी, संघ रंध्रीय (पोरिफेरा). वेल्टन ली, हेन्री राइस्विग, विल्यम ऑस्टिन आणि लॉनी लुंडस्टेन यांनी २०१२ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर, ३,३०० ते ३,५०० मीटर खोलीवर, माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम संशोधन संस्थेच्या दूरनियंत्रित पाणबुड्यांना तो आढळला.

प्रत्यक्ष हाती लागलेले नमुने दोनच. आणखी दहा केवळ चित्रफितींत दिसले. वर आणलेल्या दोघांना प्रत्येकी दोनच पाती, म्हणजे मध्यापासून फुटणाऱ्या फणीसारख्या फांद्या, होती. तेवढ्यावर वर्णन थांबले असते तर स्पंजाचा खरा आवाका कळलाच नसता, कारण चित्रफितींमध्ये सहा पात्यांपर्यंतचे स्पंज आहेत. सर्वांत मोठ्याची उंची सुमारे ३६ सेंमी. भरते.

‘लायरा’ हे नाव लायर या तंतुवाद्यावरून आले. मराठीत ‘वीणा’ म्हटले तर चित्र चुकते. दाते वर करून ठेवलेली फणी डोळ्यांसमोर आणावी. मुळांसारख्या धाग्यांनी स्पंज गाळात रुततो. मध्यापासून आडव्या फांद्या चहूकडे फुटतात आणि प्रत्येकीवर सारख्या अंतराने उभ्या काड्या असतात. काडीच्या टोकाला बहुधा एक गोळा.

शाळेत शिकवतात तो स्पंज छिद्रांतून पाणी आत ओढतो आणि त्यातले जिवाणू व बारीक कण गाळून खातो. तळाच्या अन्नटंचाईत हा धंदा परवडत नाही. इथे सगळी फणीच सापळा आहे. फांद्यांवर सूक्ष्म आकडे असतात. आघाड्याचे बी धोतराला चिकटावे तसे प्रवाहातून येणारे बारीक कवचधारी प्राणी त्यांत अडकतात. मग स्पंज त्यांच्याभोवती पातळ पटल गुंडाळतो आणि सावकाश पचवतो. तोंड नाही, जठर नाही. भक्ष्याकडे पेशीच चालत जातात. स्पंज मांसाहारी असू शकतो हे १९९५ पर्यंत कोणी मांडलेही नव्हते. त्या वर्षी झाँ व्हासले आणि निकोल बूरी-एस्नो यांनी भूमध्य समुद्रातील एका गुहेतल्या स्पंजावरून ते दाखवून दिले.

टोकाचे गोळे दिसायला शोभेचे, पण त्यांत शुक्राणूंच्या पुड्या तयार होतात. त्या प्रवाहात सुटतात आणि जवळपासच्या दुसऱ्या स्पंजाच्या काड्यांवर अडकतात. शुक्राणू आत शिरून अंडी फलित करतात आणि अंडी पक्व होताना तिथे काडी फुगते. भरपूर काड्या असण्याचा फायदा त्यामुळे दुहेरी आहे: भक्ष्यही जास्त सापडते आणि पुड्याही.