मीठ, वाळू आणि पावसाळा : आउटबोर्ड इंजिन व फायबर बोटीची घरच्या घरी देखभाल

हे माहितीपत्रक खाडीत किंवा किनाऱ्याजवळ स्वतःच्या हौसेसाठी बोट चालवणाऱ्यांसाठी आहे. १५ ते २० फुटांची फायबरची बोट आणि मागे २५ ते ६० अश्वशक्तीचे पेट्रोल आउटबोर्ड इंजिन असेल, तर खालची बहुतेक कामे एक पाना-सेट, एक चांगला स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा दिवस एवढ्यात घरी होतात. आमच्याकडे दुरुस्तीला येणारी इंजिने जास्त चालवल्यामुळे बिघडलेली क्वचितच असतात. खारे पाणी आत राहिलेले असते किंवा इंजिन पावसाळाभर तसेच उभे असते, म्हणून ती बिघडतात. म्हणून इथे धुणे आणि पावसाळ्याची तयारी या दोन गोष्टींवर जास्त लिहिले आहे.

फेरीनंतरची धुलाई

इंजिन थंड राहते ते बाहेरचे पाणी आत ओढून. ते पाणी खारे असेल तर इंजिन बंद झाल्यावर आतल्या बारीक वाटांमध्ये मिठाचा थर साचतो. थर्मोस्टॅट त्या थरात अडकतो, अ‍ॅल्युमिनियम खात जाते, आणि दोन-तीन हंगामांनी इंजिन गरम व्हायला लागते. म्हणून खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी गोडे पाणी फिरवा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मार्च-एप्रिलनंतर बऱ्याच ठिकाणी मचूळ होते. ते चाखून बघा. मचूळ लागले तर टाकीत साठवलेले गोडे पाणी वापरा, नाहीतर धुण्याचा उपयोगच होणार नाही.

धुण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे गिअर केसच्या (इंजिनाचा तळाकडचा, गिअर असलेला भाग) दोन्ही बाजूंच्या, पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर बसणारे रबरी फ्लशिंग मफ, म्हणजे नळाच्या नळीला जोडायच्या वाट्या. आधी नळ पूर्ण सोडा, मग इंजिन चालू करा, आणि न्यूट्रलमध्ये, आयडलवर १० ते १५ मिनिटे चालवा. पंखा (प्रॉपेलर) काढून ठेवलेला बरा, निदान त्याच्या जवळपास कुणी उभे राहू नये. बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार जोरात यायला हवी. बंद करताना आधी इंजिन, मग नळ. दुसरा मार्ग म्हणजे इंजिनाच्या अंगावरच असलेले नळीचे कनेक्शन. बहुतेक मॉडेलमध्ये ते इंजिन बंद ठेवूनच वापरायचे असते. त्या वाटेने पाणी सोडून इंजिन चालवले, तर खालच्या पंपाला पाणी मिळत नाही आणि त्याचा रबरी इम्पेलर कोरडाच फिरून जळतो. धुऊन झाल्यावर इंजिन उभे ठेवा, म्हणजे आतले पाणी निथळून जाते.

धार बारीक झाली म्हणजे पंप गेलाच असे समजू नका. आधी छिद्रात नायलॉनचा जाड तंगूस घालून ते मोकळे करा. बोट महिनाभर उभी असेल तर त्या छिद्रात कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, हे कोकणात नेहमीचे आहे. तरीही धार सुधारली नाही तर जाळीत प्लास्टिकची पिशवी अडकली आहे का बघा. त्यानंतर इम्पेलरकडे वळा.

इम्पेलर

हे पाण्याच्या पंपातले रबरी चक्र आहे. आपल्या खाड्यांची तोंडे वाळूने भरलेली असतात. ओहोटीला उथळ पाण्यातून बोट काढली की पंप वाळू ओढतो आणि पाती व आतली वाटी दोन्ही घासतात. दर वर्षी उघडून बघा, आणि दोन वर्षांनी पाती चांगली दिसली तरी बदला. एखादे पाते तुटलेले सापडले तर तो तुकडा वर कुठेतरी पाण्याच्या वाटेत अडकलेला असणार. तो शोधून काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवून उपयोग नाही.

त्यासाठी गिअर केस खाली उतरवावी लागते. गिअरच्या दांड्याची जोडणी आधी कशी आहे त्याचा फोटो काढा आणि शेपटीसारख्या छोट्या ट्रिम टॅबची दिशा मार्करने खुणवा. किटमध्ये इम्पेलर, वाटी, पत्रा, शाफ्टची चावी (की) आणि गॅस्केट येतात, ते सगळेच बदला. नवी पाती साबणाच्या पाण्याने ओली करून, शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत वाटीत बसवा. शाफ्टच्या वरच्या टोकाला ग्रीस लावताना फक्त दात्यांच्या बाजूंना लावा. अगदी डोक्यावर ग्रीसचा गोळा राहिला तर तो शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही. आणि वर जाणारी पाण्याची नळी पंपाच्या भोकात नीट उतरली आहे याची खात्री झाल्याशिवाय बोल्ट आवळू नका. ती बाहेर राहिली तर सगळे काम पुन्हा करावे लागते. पहिल्या वेळी आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन एकदा बघून घ्या, पुढच्या वर्षी तुम्हाला स्वतः जमेल.

गिअर ऑइल बदलायची वेळ मे महिन्यात

बरेच जण हे काम पावसाळ्यानंतर, बोट उतरवताना करतात. आमच्या मते हे उलटे आहे. सीलमधून पाणी आत शिरलेले असेल तर ते तीन महिने बेअरिंगवर बसून राहते आणि सप्टेंबरमध्ये गंजलेली बेअरिंग हातात येते.

इंजिन सरळ उभे ठेवा. खाली परात ठेवून आधी खालचा स्क्रू काढा, मग वरचा. स्क्रूच्या तोंडाला बरोबर बसणारा ड्रायव्हर घ्या. ढिला ड्रायव्हर खाच खाऊन टाकतो. स्क्रूला चुंबक असेल तर त्यावरची बारीक करडी पेस्ट ठीक आहे, चमकणारे कण किंवा दात्याचा तुकडा दिसला तर थांबा आणि आम्हाला दाखवा. निघालेले तेल दुधाच्या चहासारखे दिसले म्हणजे त्यात पाणी आहे.

नवीन तेल साधारणपणे एसएई ९० हायपॉइड लागते, नेमका दर्जा पुस्तिकेत बघा. ते नेहमी खालच्या भोकातून पंपाने भरायचे. वरून ओतले तर आत हवा अडकते आणि केस भरल्यासारखी वाटूनही अर्धी रिकामी राहते. वरच्या भोकातून बुडबुडे न येता तेल वाहू लागले की आधी वरचा स्क्रू लावा, मगच पंप काढून खालचा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे हवेत. ही पै-पैशाची वस्तू वाचवण्यासारखी नाही.

पाणी शिरण्याचे मोठे कारण म्हणजे पंख्यामागे गुंडाळलेला तंगूस. तो शाफ्टवर फिरत फिरत सीलची कड कापतो. म्हणून हंगामात दोन-तीनदा तरी कॉटर पिन आणि नट काढून पंखा उतरवा, मागचा वॉशर काढून तंगूस साफ करा, शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस लावा. कॉटर पिन दर वेळी नवी, आणि ती स्टेनलेसचीच.

पेट्रोल आणि तेल

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. अनेक आउटबोर्ड १० टक्के गृहीत धरून बनवलेली आहेत, तेव्हा तुमच्या इंजिनाची पुस्तिका आधी बघा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत महिना-दोन महिने राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर बनतो, आणि इंजिन तळातूनच ओढते. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि हाताने दाबायचा बल्ब आतून मऊ पडतात व त्यांचे कण कार्ब्युरेटरमध्ये जातात. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. लागेल तेवढेच पेट्रोल भरा आणि उरलेले पंधरवड्याच्या आत संपवा.

सुटी टाकी बोटीत ठेवून भरू नका. ती किनाऱ्यावर उतरवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते.

टू-स्ट्रोक इंजिनाला ५०:१ मिश्रण सांगितले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलि तेल, म्हणजे २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलि. तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे हवे. मोटरसायकलचे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असते आणि आउटबोर्डमध्ये त्याची राख पिस्टनवर व प्लगवर बसते. फोर-स्ट्रोकसाठी एफसी-डब्ल्यू दर्जाचे तेल, बहुतेक मॉडेलना १०डब्ल्यू-३०, दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. फिल्टर सोबतच बदला.

झिंक पट्ट्या

खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यांतला दुबळा खाल्ला जातो. तो धातू इंजिनाचा नसावा म्हणून या पट्ट्या असतात. अर्धी झिजली की बदला. तिच्यावर रंग कधीही लावू नका, आणि बसवण्याआधी मागची जागा वायर ब्रशने उघड्या धातूपर्यंत घासा. रंगावर बसवलेली पट्टी नुसती शोभेची. दोन वर्षांत पट्टी जराही झिजली नसेल तर आनंद मानू नका, तिचा विजेचा संपर्क तुटलेला आहे. पावसाळ्यानंतर जिथे पाणी जवळजवळ गोडे होते अशा खाडीच्या आतल्या भागात बोट असेल तर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चांगली. गोड्या पाण्यात जस्तावर थर येऊन ते काम थांबवते. मॅग्नेशियमची पट्टी फक्त धरणाच्या पाण्यासाठी, समुद्रात ती फार लवकर संपते.

पावसाळ्यासाठी बांधून ठेवताना

परदेशी व्हिडिओंमध्ये इंजिनात अँटीफ्रीझ भरताना दाखवतात. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे त्याची गरज नाही. आपला शत्रू दमट हवा.

शेवटची धुलाई झाल्यावर कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात पेट्रोलची नळी काढा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाचा स्क्रू उघडून आतले पेट्रोल बाटलीत काढा. तिथे राहिलेले पेट्रोल वाळून चिकट होते आणि जेटचे भोक बुजवते. इंधन इंजेक्शनचे इंजिन कोरडे करू नका. त्यासाठी पुस्तिकेत सांगितलेले स्टॅबिलायझर वापरा. मग किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढून ठेवा, प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि फ्लायव्हील हाताने चार-पाच वेळा त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. प्लग परत लावताना पहिले आटे हातानेच घ्या.

केबल स्टिअरिंग असेल तर ग्रीस भरताना पुढे-मागे सरकणारी दांडी पूर्ण आत घ्या. ती बाहेर असताना भरलेले ग्रीस आत घट्ट बसते आणि स्टिअरिंग जाम होते. बॅटरी घरी न्या, महिन्यातून एकदा चार्ज करा. विश्रांतीनंतर १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.४ च्या खाली जाऊ देऊ नका.

बोटीचे नाक उंच आणि मागचे बूच काढलेले ठेवा. १० चौरस मीटरच्या उघड्या बोटीत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० लिटर, म्हणजे एक टन पाणी होते. कोकणात एवढा पाऊस एका दिवसात पडतो. त्यात बूच लावलेले असेल तर ट्रेलर मोडतो किंवा तळाला तडा जातो. ताडपत्री मधे बांबू घालून उंच बांधा आणि दोन्ही टोकांनी हवा खेळू द्या. घट्ट गुंडाळलेल्या बोटीत बुरशी येते. इंजिनाच्या झाकणाखाली उंदीर वायर कुरतडतात, त्यामुळे तिथे दर पंधरा दिवसांनी नजर टाका.

जेलकोटचे ओरखडे

जेलकोट म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर. त्याची दुरुस्ती मे महिन्यात, तळ पूर्ण सुकल्यावर करा. तडा व्ही आकारात थोडा रुंद करा, अ‍ॅसिटोनने पुसा, जेलकोट भरा आणि वर प्लास्टिकची फिल्म चिकटवा, कारण हवेत तो वरून चिकट राहतो. मेच्या उन्हात १०० ग्रॅमला १ ते १.५ मिलि हार्डनर पुरतो. एक टक्क्याच्या खाली गेलात तर तो नीट कडक होत नाही. मग ४०० पासून १२०० नंबरपर्यंत पाणी लावून घासा. तड्यात काचेचे धागे दिसत असतील तर हे नुसत्या जेलकोटचे काम नाही.

आपल्याकडे रेझिनसोबत कोबाल्ट (कडक होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. हे दोन कधीही थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या, मग हार्डनर. डोळ्यांवर गॉगल हवाच. हार्डनरचा एक थेंब डोळा कायमचा घालवू शकतो. उडालाच तर लगेच वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

आमच्याकडे आणायची कामे

गिअर ऑइलमध्ये पाणी, गरम झाल्याचा भोंगा दोनदा वाजणे आणि न हलणारे बोल्ट ही कामे घरी करू नका. अ‍ॅल्युमिनियममध्ये गंजून बसलेला स्टेनलेस बोल्ट जोर लावल्यावर डोक्यातून तुटतो आणि दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते. इंजिन पाण्यात बुडाले असेल तर ते चालू करून बघू नका. गोड्या पाण्याने धुऊन, प्लग काढून, त्याच दिवशी फोन करा. हवा लागल्यावर आतला गंज तासातासाने वाढतो. सुटे भाग न्यायला येताना इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीचा फोटो आणा, कारण एकाच अश्वशक्तीच्या दोन मॉडेलचे इम्पेलरही वेगळे असतात.