बलराम तालाबाचा अर्ज: जेसीबीआधी खसऱ्यातलं नाव बघा

इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावाच्या आसपास, हातोदच्या बाजूला, आपल्या मराठी मंडळींच्या जमिनी होळकरांच्या काळापासून आहेत. पावसाचं पाणी शेतातच अडवावं, निदान वरची काळी माती तरी वाहून तलावात जाऊ नये, हे तिथे कुणाला पटवावं लागत नाही. सोयाबीनच्या शेतातून आषाढात निघणारं चहासारखं पाणी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तरी तालाबाचे, म्हणजे शेततळ्याच्या अनुदानाचे, अर्ज परत येतात. मी पाहिलेल्या अर्जांपैकी खड्डा चुकीच्या जागी म्हणून एकही परत आला नाही. बहुतेक अडकले ते कागदावर.

आधी एक गोंधळ मिटवू. पुण्या-नाशिकचे नातेवाईक ‘मागेल त्याला शेततळे’चे व्हिडिओ पाठवतात. ती योजना महाराष्ट्राची. इथे ना महाडीबीटी चालत, ना सातबारा. आपल्याकडे मध्य प्रदेशात बलराम तालाब योजना आहे, 2007 पासूनची, कृषी विभागाची. कागद लागतात ते खसरा (जमिनीच्या तुकड्याची नोंद) आणि बी-वन (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा).

अनुदान सर्वसाधारण शेतकऱ्याला खर्चाच्या 40 टक्के, लघु-सीमांत शेतकऱ्याला 50 टक्के, दोघांनाही कमाल 80,000 रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 75 टक्के, कमाल 1,00,000. लघु म्हणजे दोन हेक्टरपर्यंत, आपल्या भाषेत साधारण आठ बिघे. पण दोन लाखांचा तालाब असेल तर 40 टक्क्यांतही 80,000च मिळतात, त्यामुळे लघु शेतकऱ्याचा दाखला मिळवायला महिनाभर घालवण्यात अर्थ नाही. खर्च त्याहून कमी असेल तरच त्या दाखल्याचा उपयोग. एक अट अनेकांना शेवटी कळते: शेतात ड्रिप किंवा स्प्रिंकलर आधीपासून बसवलेलं आणि चालू हवं. गोठ्यात गुंडाळून ठेवलेले पाइप दाखवून भागत नाही.

आधार, समग्र आयडी (राज्य सरकारचा कुटुंब-सदस्य ओळख क्रमांक), पासबुक, फोटो, जातीचा दाखला लागू असेल तर तो, हे सगळं कियोस्कवाला सांगतोच. समग्रची ई-केवायसी आधी उरकून घ्या.

आता खरं दुखणं. खसरा हिंदीत, आणि हिंदीत ‘ळ’ नाही. काळेंचं ‘काले’ होतं, गणपतरावांचं ‘गनपत’, आणि कधी ‘राव’ हेच आडनाव होऊन बसतं. आधार पुण्यात काढलेलं असेल तर त्यावर ठसठशीत ‘काळे’. तुम्हाला ते एकच वाटतं, पडताळणी करणाऱ्याला दोन माणसं दिसतात. शपथपत्र देऊन कधी निभतं, कधी नाही. खसऱ्यातली दुरुस्ती तहसीलमधून होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या आधी करा. एमपी भूलेख या संकेतस्थळावर नाव घरबसल्या दिसतं. आजच बघा.

त्याहून मोठी अडचण म्हणजे जमीन अजून आजोबांच्याच नावावर असणं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, शेत कसतो नातू, बाकीचे वारस इंदूर, पुणे, एक बडोद्याला. फौती नामांतरणासाठी, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं चढवायला, मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लागतात. वाद नसलेलं प्रकरण नोंद झाल्यापासून तीस दिवसांत निकाली निघायला हवं. तीस दिवस तहसीलचे, बरं का. बडोद्याच्या काकांची सही आणायला लागलेले चार महिने त्यात धरलेले नाहीत.

आणि तरमीम, म्हणजे वाटणीची रेघ नकाशावर ओढणं. हा शब्दच बहुतेकांना अर्ज अडकल्यावर कळतो. वाटणी झाली, खसरा 112 चे 112/1 आणि 112/2 झाले, बी-वनवर तुमचं नाव आलं. पण नकाशावर मधली रेघ ओढलीच नाही. मग तालाब कुणाच्या हिश्श्यात येतो हे पटवारीसुद्धा सांगू शकत नाही. कागद पक्का, नकाशा कोरा! 2024 च्या राजस्व महाअभियानात तरमीमची कामं मोहिमेवर घेतली होती. तुमची तेव्हा झाली असं गृहीत धरू नका, नकाशाची नक्कल काढून रेघ डोळ्यांनी बघा.

तलावाच्या काठाला लागून शेत असेल तर आणखी एक गोष्ट. यशवंत सागर 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांनुसार, गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. तालाब मातीचाच असतो, पण त्याला सिमेंटचा सांडवा किंवा पंपाची खोली जोडायचा बेत असेल तर तो रेषेच्या बाहेर ठेवा.

सगळ्यात जिवाला लागलेलं प्रकरण आमच्या ओळखीतल्या एका काकांचं. कागद स्वच्छ, ड्रिप चालू, अर्ज मंजुरीच्या वाटेवर. मे महिन्यात शेजारच्या शेतात जेसीबी आला, भाडं वाचतंय म्हणून काकांनी आपलाही खड्डा खोदून घेतला. पाहणीला साहेब आले तेव्हा तालाब तयार. “पहले का नाप कहाँ है?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं. खोदण्याआधीचं मोजमाप आणि फोटो नसेल तर किती माती निघाली हे ठरवायचं कशावरून? पैसा गेला. काका मला म्हणाले, “अरे, पाणी तर अडलं ना!” अडलं, खरंच. पण 80,000 सोडून.

म्हणून मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत कुदळही लावू नका. 31 मार्चला अर्जाची शेवटची तारीख समजण्याची चूकही फार जण करतात. तो दिवस सरकारच्या आर्थिक वर्षाचा शेवट. जिल्ह्याचं लक्ष्य भरलं की दार त्याआधीच बंद होतं. कागद दिवाळीपर्यंत जमले तर होळीनंतर, जमीन कोरडी असताना, खोदाई होऊ शकते. जूनच्या मध्यावर पाऊस आला की काळ्या मातीत जेसीबी रुततो.

पैसे मूल्यांकनानंतर खात्यात येतात. खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे बँकेत विचारताना पासबुकावरचं नावही वाचून घ्या. तिथेही ‘काले’ असू शकतं.