शेवटचा क्लोरीन कोण काढतं?

ड्रायक्लीनिंगचं परक्लोरोएथिलीन आणि यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस धुणारं ट्रायक्लोरोएथिलीन ही द्रावकं विसाव्या शतकात अमेरिकेत अमाप वापरली गेली. लॉन्ड्र्या, कारखाने, हवाई तळ, जिथे सांडली तिथे ती जमिनीत मुरली. पाण्यापेक्षा जड असल्याने ती भूजलातून खाली खाली उतरतात आणि नुसत्या उपशाने निघत नाहीत.

ऑक्सिजन नसलेल्या मातीतले जिवाणू या रेणूंवरचे क्लोरीन एकेक करून काढतात, हे 1980च्या दशकात स्पष्ट झालं. चाराचे तीन, तीनाचे दोन, दोनाचा एक. खरा धोका इथेच आहे. एक क्लोरीन उरला की होतं व्हिनाइल क्लोराइड. केंटकीतल्या पीव्हीसी कामगारांना यकृताचा दुर्मीळ कर्करोग झाल्याचं 1974 मध्ये उघड झालं, ते याच वायूमुळे. म्हणजे काम अर्ध्यावर थांबलं तर पाणी आधीपेक्षा घातक! कॉर्नेल विद्यापीठाच्या फ्रीडमन आणि गॉसेट यांनी 1989 मध्ये दाखवून दिलं की मिश्र कल्चर, म्हणजे एकत्र वाढवलेले अनेक प्रकारचे जिवाणू, शेवटचा क्लोरीनही काढून निरुपद्रवी इथीन बनवतं.

हे करतं कोण? 1997 मध्ये त्याच विद्यापीठात डेहॅलोकॉकॉइडिस या जिवाणूचा '195' हा वाण वेगळा काढण्यात यश आलं. मूळ गाळ विद्यापीठाच्याच इथाका गावातल्या सांडपाणी केंद्रातला. जिवाणू फार परावलंबी निघाला: ऊर्जेसाठी हायड्रोजनच हवा, बी-12 जीवनसत्त्व स्वतःला बनवता येत नाही, ऑक्सिजन सोसत नाही. हायड्रोजन आणि जीवनसत्त्व पुरवणारे शेजारी सोबत लागतातच. म्हणून सफाईसाठी जमिनीत सोडायचं ते मिश्र कल्चरच. टेक्ससच्या केली हवाई तळावर केबी-1 नावाचं असंच मिश्र कल्चर सोडलं, तेव्हा ते पसरलं का हे डीएनए चाचणीने तपासलं गेलं.

पण नुसत्या जातीची खूण शोधून भागत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा हाच. '195' व्हिनाइल क्लोराइडपर्यंत झपाट्याने येतो, पुढचं पाऊल मात्र रेंगाळत टाकतो. शेवटचा क्लोरीन सहज काढणाऱ्या त्याच्या भाऊबंदांचा 16एस जनुक (ज्यावरून जिवाणूची जात ओळखतात) जवळजवळ हुबेहूब त्याच्यासारखा. हजेरीपटावर नाव दिसलं, पण काम कोण करतंय ते कळेना. 2004 मध्ये शेवटच्या पायरीच्या विकरांचे व्हीसीआरए आणि बीव्हीसीए हे जनुक सापडले आणि दोनच वर्षांत ते क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवत त्यांची संख्या मोजणाऱ्या चाचणीने) मोजण्याची पद्धत आली.

आज निरीक्षण-विहिरीतलं पाणी गाळून गाळणीवरच्या जिवाणूंचा डीएनए काढतात. लिटरमागे एक कोटीच्या आसपास डेहॅलोकॉकॉइडिस असतील, तर वेग पुरेसा मानतात. सोबत गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) व्हिनाइल क्लोराइड आणि इथीन मोजणं आलंच. जनुक भरपूर आणि इथीन नाही, असं दिसलं तर आधी पाण्याचा सामू (पीएच) बघावा. तो 6च्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात.