हुंडर्टवासर, फ्रीडन्सराइख

फ्रीडन्सराइख हुंडर्टवासर (१५ डिसेंबर १९२८ – १९ फेब्रुवारी २०००) हे ऑस्ट्रियन चित्रकार आणि सेंद्रिय, म्हणजे निसर्गाशी एकरूप होणाऱ्या, वास्तुकलेचे आग्रही पुरस्कर्ते होते. त्यांचा जन्म व्हिएन्ना येथे झाला. त्यांचे मूळ नाव फ्रीड्रिख श्टोवासर असे होते. या आडनावातील ‘स्टो’ म्हणजे स्लाव्ह भाषांत शंभर (संस्कृतातील ‘शत’ याच कुळातला); १९४९ मध्ये त्यांनी तेवढ्या भागाचे जर्मन रूप करून ‘हुंडर्टवासर’, म्हणजे ‘शंभर पाणी’, हे नाव धारण केले.

ते जेमतेम वर्षाचे असताना वडील वारले. आई ज्यू होती. नाझी राजवटीत संशय टाळण्यासाठी त्यांना हिटलरच्या युवक संघटनेत दाखल व्हावे लागले आणि मायलेक बचावले. मात्र आईकडचे ६९ नातेवाईक मारले गेले. एकसारखे पोशाख आणि एका रांगेत चालणे याविषयी त्यांना आयुष्यभर वाटलेली भीती या बालपणापासून वेगळी काढता येत नाही. १९४८ मध्ये त्यांनी व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीत प्रवेश घेतला, पण तीन महिन्यांतच ती सोडली. पुढे गडद, तेजस्वी रंगांच्या आणि वळत जाणाऱ्या सर्पिल रेषांच्या चित्रांनी त्यांना आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळवून दिली.

वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. घरांबद्दल ते बोलू लागले ते चित्रकार म्हणून, आणि प्रत्यक्ष बांधकाम हाती येण्याआधी पंचवीस वर्षे केवळ बोलत आणि लिहीत राहिले. १९५८ मध्ये ऑस्ट्रियातील सेकाउ येथील मठात त्यांनी वाचलेल्या जाहीरनाम्यात, पट्टीने आखलेल्या इमारतींवर बुरशी चढली तर तिचे स्वागत करावे, अशी मांडणी होती, कारण बुरशीबरोबर भिंतीवर निदान काहीतरी जिवंत येते. सरळ रेघ त्यांना देवहीन आणि अनैतिक वाटे. १९६८ मध्ये त्यांनी व्हिएन्नाचेच वास्तुकार आडोल्फ लोस यांच्या अलंकरणविरोधी विचारावर हल्ला चढवला आणि ‘खिडकीचा हक्क’ मांडला : भाडेकरूला आपल्या खिडकीतून वाकून हात पोहोचेल तेवढी बाहेरची भिंत हवी तशी रंगवण्याची, खरवडण्याची, सजवण्याची मुभा असली पाहिजे, म्हणजे आत एक माणूस राहतो हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दुरूनच कळेल. दुसरे तत्त्व जमिनीच्या देण्याचे होते. इमारत जेवढी जमीन व्यापते तेवढी निसर्गाला परत केली पाहिजे, म्हणून छपरावर माती घालावी, झाडे लावावीत, इतकेच नव्हे तर खोलीत मातीचा वाफा करून खिडकीबाहेर झुकणारे झाड ‘भाडेकरू’ म्हणून ठेवावे; सावली, प्राणवायू आणि धूळ रोखणे हेच त्याचे भाडे. १९७३ मध्ये मिलान शहरात त्यांनी असे वृक्ष-भाडेकरू प्रत्यक्ष लावून दाखवले.

ऑस्ट्रियाचे चॅन्सलर ब्रूनो क्राइस्की यांनी १९७७ मध्ये व्हिएन्नाच्या महापौरांना पत्र लिहून, या कलावंताला एक घर बांधण्याची संधी द्यावी, असे सुचवले. त्यातून लोवेनगासे आणि केगेलगासे या रस्त्यांच्या कोपऱ्यावर नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांची इमारत, हुंडर्टवासरहाउस, १९८३ ते १९८५ या काळात उभी राहिली. येथे प्रत्येक घराचा बाहेरचा रंग निराळा आहे आणि दोन घरांमधली सीमा वेड्यावाकड्या फरशीच्या रेघेने दाखवलेली आहे, त्यामुळे राहणाऱ्याला खाली उभे राहून आपले घर बोटाने दाखवता येते. मोकळ्या वावराच्या जागेतील जमीन मुद्दाम उंचसखल ठेवली आहे. तळपायाला चढउतार लागावा, चालताना पायांनाही काही कळावे, ही त्यामागची धारणा. फरशी बसवणाऱ्या कारागिरांना ठरीव नक्षी न देता मोकळीक दिली गेली. गच्च्यांवर सुमारे २५० झाडेझुडपे लावली. या कामासाठी हुंडर्टवासर यांनी मानधन घेतले नाही. वास्तुकार योझेफ क्राविना यांचा सुरुवातीचा आराखडा त्यांनी फारच सरळसोट म्हणून नाकारला होता आणि काम दुसरे वास्तुकार पेटर पेलिकान यांच्या साहाय्याने पुरे झाले; तरीही २०१० मध्ये ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्राविना यांना सहनिर्माते ठरवले, आणि हे श्रेय देणे योग्यच होते.

त्यांच्या इमारतींवर नेहमीचा आक्षेप असा की, रंगीत खांब, कांद्याच्या आकाराचे घुमट आणि डुलत्या रेषा हे सारे वरवरचे असून आतला सांगाडा साध्या काँक्रीटचाच असतो. इमारतीचे रूप तिची योजना आणि साहित्य यांतूनच उगवावे, या अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांच्या कसोटीवर आक्षेपात तथ्य आहे. मात्र या चर्चेत त्यांच्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट हरवते : राहणाऱ्याचा हात आणि झाडाचे मूळ या दोघांना इमारतीत कायमचा हक्क असावा, असे ते मानत होते.

व्हिएन्नातील श्पिटेलाउ येथील कचरा जाळण्याचा कारखाना १९८७ मध्ये आगीत सापडला, तेव्हा त्याला नवे रूप देण्याची विनंती त्यांच्याकडे आली. कचरा कमी करण्यावर विश्वास असलेल्या या माणसाला ती पटेना. धूर शुद्ध करणारी उत्तम यंत्रणा बसवण्याच्या आणि निर्माण होणाऱ्या उष्णतेने घरे गरम करण्याच्या हमीवरच त्यांनी होकार दिला. ऑस्ट्रियातील ब्लुमाउ येथील उष्ण पाण्याचे स्नानगृह-हॉटेल (१९९७) आणि जर्मनीतील डार्मस्टाट येथील ‘वाल्डश्पिराले’ ही निवासी इमारत (२०००) या त्यांच्या नंतरच्या मोठ्या इमारती होत. त्यामानाने लहान असले, तरी न्यूझीलंडमधील कावाकावा येथील सार्वजनिक स्वच्छतागृह (१९९९) त्यांच्या विचाराला सर्वांत जवळचे वाटते. तिथे रिकाम्या बाटल्यांच्या भिंतीतून उजेड आत येतो, जुन्या बँकेच्या विटा पुन्हा वापरल्या आहेत, फरशा स्थानिक विद्यार्थ्यांनी घडवल्या आहेत आणि जागेवरचे झाड न तोडता त्याला बांधकामात सामावून घेतले आहे.

१९७० च्या दशकापासून ते बराच काळ न्यूझीलंडमध्ये राहत आणि पुढे त्या देशाचे नागरिकही झाले. पॅसिफिक महासागरात ‘क्वीन एलिझाबेथ २’ जहाजावर त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार शवपेटी न वापरता त्यांना न्यूझीलंडमधील आपल्याच जमिनीत पुरण्यात आले आणि त्या जागी ट्यूलिप वृक्ष लावण्यात आला. त्यांनी १९९३ मध्ये सुचवलेले न्यूझीलंडमधील फांगारेई येथील कलाकेंद्र, छपरावरच्या हिरवाईसह, फेब्रुवारी २०२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले.