ट्रोपोनिन वाढलं म्हणजे अटॅकच का?

मागच्या भादव्यात मामाजींच्या पायात वावरातला खुंट रुतला. हळद लावली अन् विसरले. पाचव्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत लाल, अंगात हुडहुडी, बोलणं असंबद्ध. दवाखान्यात रक्त तपासलं तर ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, वाढलेलं, इकोत हृदयाचं पंपिंग कमी. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, "मामाजीले अटॅक आला म्हन्ते!"

अटॅक नव्हता. सेप्सिस होता, म्हणजे जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचाच ताळ सुटून अवयव निकामी होऊ लागणं. ट्रोपोनिन एवढंच सांगतं की हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे. कशामुळे, ते सांगत नाही.

दोन्हींत चरबीचा विषय निघतो, म्हणून घोळ आणखी वाढतो. अटॅकमधली चरबी धमनीच्या भिंतीत असते. वर्षानुवर्षं साचते, एके दिवशी तिच्यावरचा पापुद्रा फाटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि पलीकडच्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो. पेशी मरतात, मेलेल्या जागी व्रण उरतो. हे बहुतेकांना ठाऊक आहे.

सेप्सिसमधली गोष्ट वेगळी. आपल्याला वाटतं हृदय साखरेवर चालतं, पण निरोगी हृदय साधारण 60 ते 70 टक्के ऊर्जा मेदाम्लं, म्हणजे चरबीचे सुटे घटक, जाळून मिळवतं. शिल्लक अशी नसतेच, तयार ऊर्जा काही सेकंदांत संपते. म्हणून जाळणं अखंड चालू ठेवावं लागतं. सेप्सिसमध्ये टीएनएफसारखी दाहाची रसायनं रक्तात उसळतात. मेदाम्लं जाळणाऱ्या जनुकांवर पीपीएआर-अल्फा नावाचं प्रथिन मुकादमी करतं, त्याचं प्रमाणच घटतं. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या, त्याही मंदावतात. न जळलेली चरबी मग स्नायूच्या पेशींतच थेंबाथेंबानं साचते.

आमच्याकडे पऱ्हाट्यांवर चूल पेटते, म्हणून मी घरात असं समजावलं: अटॅकमध्ये चूल धड असते, पण वारा कोंडतो. सेप्सिसमध्ये वारा आहे, पऱ्हाट्यांची गंजी दारात आहे, चूलच ओली झाली आहे.

ओली चूल वाळते, हा मोठाच फरक. सेप्सिसमध्ये बहुतेक पेशी मरत नाहीत, काम थांबवून बसतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1984 साली नोंदवलं की जे रुग्ण वाचले, त्यांचं घटलेलं पंपिंग सुमारे 10 दिवसांत पूर्ववत झालं. इकोतही बहुधा फरक दिसतो. अटॅकमध्ये बंद धमनीच्या वाट्याचा भाग हलत नाही, सेप्सिसमध्ये सहसा सगळंच हृदय सुस्त असतं. अर्थात तीव्र संसर्गात खराखुरा अटॅकही येऊ शकतो, त्यामुळे ईसीजी टाळून चालत नाही आणि कधी अँजिओग्राफीही करावी लागते. उपचार मात्र दोन टोकांचे. एकीकडे गुठळी विरघळवायची किंवा धमनी उघडायची. दुसरीकडे अँटिबायोटिक वेळेत, सलाइन, रक्तदाब टिकवायचं औषध आणि जखमेतला पू काढणं.

मामाजींच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तेही वाढलेले होते. ते पाहून भाऊजींनी घरात फोडणीच बंद केली! तीव्र संसर्गात यकृत रक्तात जास्त चरबी सोडतं आणि ती फोडून पेशींना देणारं विकर (एन्झाइम) कमी पडतं. म्हणून ट्रायग्लिसराइड चढतात, कोलेस्टेरॉल उलट उतरतं. आजारपणातल्या त्या आकड्यांवरून जेवणाचा हिशेब लावू नये, अन् कोलेस्टेरॉल कमी दिसलं म्हणून खूशही होऊ नये. तपासणी बरं झाल्यावर काही आठवड्यांनी परत करावी.

आम्ही ती दिवाळीनंतर केली. ट्रायग्लिसराइड उतरले होते. त्या रात्री सासूबाईंनी पाटवडीच्या रश्श्यावर मुद्दाम बोटभर तर्री आणली, अन् मामाजींनी पहिला घास घ्यायच्या आधी भाऊजींकडे पाहिलं.