तार्दची कागदपत्रं, द्यूरकेमचा सिद्धान्त आणि आंबेडकरांचा निबंध

अडॉल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या नोंदी घेणाऱ्या या माणसाची नजर फ्रान्सच्या न्यायालयांच्या आकडेवारीकडे वळली आणि तो चक्रावला. यंदा कोण खून करणार हे कुणालाच ठाऊक नसतं, तरी वर्षअखेरीस खुनांचा आकडा गेल्या वर्षीच्या आसपासच येतो. कोणत्या हत्याराने किती खून झाले, याचंही प्रमाण फारसं हलत नाही. लग्नांचं तेच. जो तो आपल्या मर्जीने वागतो, मग बेरीज ठरल्यासारखी का येते?

केतलेने १८३५ साली हे पुस्तकरूपाने मांडलं आणि त्याला ‘सामाजिक भौतिकी’ म्हटलं. हेच नाव आधीपासून वापरणारा फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त कॉम्त त्यामुळे वैतागला. आपल्या शास्त्राचं वेगळेपण राखायला त्याने १८३९ मध्ये ‘सोशिओलॉजी’ हे नाव छापलं. समाजशास्त्राचं बारसं असं थोडं रुसव्यातूनच झालं. कॉम्तचं बाकीचं लेखन आज अभ्यासक्रमापुरतंच उरलं आहे. मार्क्सला आपण या शास्त्राच्या संस्थापकांपैकी एक मानतो, पण त्याने स्वतःला कधी समाजशास्त्रज्ञ म्हणवून घेतलं नाही. केतलेच्या कोड्याला खऱ्या अर्थाने भिडला तो एमिल द्यूरकेम.

द्यूरकेम १८५८ मध्ये फ्रान्समधल्या एपिनाल गावी धर्मगुरूंच्या ज्यू घराण्यात जन्मला. त्याचं म्हणणं असं, की समाज ही माणसांची नुसती बेरीज नव्हे. भाषा, कायदा, चलन, लग्नाचे नियम हे आपल्या जन्माआधीपासून असतात, आपल्यानंतरही राहतात, आणि मोडू पाहिले की आपल्याला ठेच लागते. माणसाबाहेर असणाऱ्या आणि त्याच्यावर दाब टाकणाऱ्या अशा गोष्टींना त्याने ‘सामाजिक तथ्य’ म्हटलं. एका सामाजिक तथ्याचं कारण दुसऱ्या सामाजिक तथ्यात शोधायचं, कुणाच्या मनात नाही, हा त्याचा दंडक.

तो सिद्ध करायला त्याने सगळ्यात अवघड विषय निवडला. आत्महत्येइतकं खासगी, एकट्याचं कृत्य दुसरं कोणतं? १८९७ च्या ग्रंथात त्याने त्या कृत्याकडे नव्हे, तर दराकडे पाहिलं. त्याला आढळलं, की प्रॉटेस्टंट प्रदेशांत हा दर कॅथलिक प्रदेशांपेक्षा जास्त असतो आणि अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा जास्त. युद्धाच्या किंवा राजकीय उलथापालथीच्या काळात तो उतरतो. आर्थिक मंदीत वाढतो हे समजण्यासारखं आहे, पण अचानक भरभराट आली तरी वाढतो. म्हणजे नुसती गरिबी हे कारण पुरत नाही. माणूस गटाशी किती बांधलेला आहे आणि त्याच्या इच्छांना समाज किती लगाम घालतो, या दोन गोष्टी महत्त्वाच्या. लगामच सुटला, किती मिळालं म्हणजे पुरे हे सांगणारं कुणी उरलं नाही, की येणाऱ्या स्थितीला त्याने ‘अॅनॉमी’ म्हटलं.

या ग्रंथामागची एक गोष्ट मला त्यातल्या सिद्धान्ताइतकीच मोलाची वाटते. सुमारे २६,००० आत्महत्यांच्या नोंदी वय, लिंग, विवाह, मुलं यांनुसार हाताने लावण्याचं काम द्यूरकेमचा भाचा मार्सेल मॉस याने एकट्याने केलं. आणि न्याय मंत्रालयातली ही अप्रकाशित कागदपत्रं पाहायला दिली ती गाब्रिएल तार्दने. तो तिथल्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख होता आणि द्यूरकेमचा कट्टर वैचारिक विरोधकही. द्यूरकेमने प्रस्तावनेत त्याचे आभार मानले आणि आत एक अख्खं प्रकरण त्याला खोडून काढायला खर्च केलं!

तार्द पेशाने दंडाधिकारी. माणसामाणसांच्या वर ‘समाज’ नावाची वेगळी वस्तू त्याला मान्य नव्हती. त्याच्या मते एक जण काही नवं करतो, दुसरा त्याचं अनुकरण करतो, आणि अशा असंख्य अनुकरणांचं जाळं म्हणजे समाज. अनुकरण सहसा वरून खाली उतरतं, प्रतिष्ठितांकडून सामान्यांकडे, आणि अंतर जितकं कमी तितकं ते जोरकस. द्यूरकेमने नकाशे काढून उत्तर दिलं: अनुकरण हेच कारण असेल तर आत्महत्येचा दर राजधानीपासून वर्तुळांनी पसरत गेलेला दिसायला हवा, आणि तसा तो दिसत नाही.

तार्द १९०४ मध्ये वारला. विद्यापीठांत द्यूरकेमचे शिष्य पसरले आणि पुढची कित्येक दशकं तार्दचं नाव तळटीपांत गेलं. हे थोडं अन्यायाचं झालं. १९७४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड फिलिप्सने दाखवलं, की वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आत्महत्येची बातमी ठळकपणे आल्यावर त्या काळात असे मृत्यू वाढतात. अशा बातम्या संयमाने द्याव्यात, हा आग्रह आज धरला जातो तो याच प्रकारच्या संशोधनामुळे.

पॅरिसमध्ये मागे पडलेला तार्द न्यूयॉर्कमध्ये मात्र वाचला जात होता. त्याच्या अनुकरणावरच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९०३ मध्ये निघाला, आणि त्याची प्रस्तावना कोलंबिया विद्यापीठातले फ्रँकलिन गिडिंग्ज यांची होती. त्याच विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी, मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला.

जातीच्या तोवरच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. त्यांतले श्रीधर व्यंकटेश केतकर, म्हणजे पुढे ज्ञानकोशकार झालेले केतकर, त्यांना सत्याच्या सर्वांत जवळ वाटले. पण केतकर सांगतात ती दोन लक्षणं, जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने सदस्यत्व, ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं त्यांनी दाखवलं. जातीचा गाभा अंतर्विवाह, म्हणजे गटातल्या गटातच लग्न. मग गणित मांडलं: गट बंद ठेवायचा तर लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली हवी. नवरा वारला तर स्त्री ‘जादा’ ठरते, बायको वारली तर पुरुष. जादा स्त्री गटाबाहेर लग्न करील किंवा गटातल्या कुमारिकेचा वर घेईल, ही भीती. सती आणि सक्तीचं वैधव्य हे त्यावरचे उपाय. पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो गटाला हवा असतो. म्हणून त्याला वधू खालच्या वयातून आणायची. इथून बालविवाह. या चालींचं उदात्तीकरण नंतर झालं. आधी त्या बंदिस्तपणा टिकवायची साधनं होती.

हा निबंध इथवर थेट द्यूरकेमच्या वळणाचा आहे. पण एका वर्गाने, म्हणजे ब्राह्मणांनी, स्वतःला बंद करून दार लावलं ते देशभर कसं पसरलं? इथे आंबेडकर नाव घेऊन तार्दकडे जातात. ब्राह्मणांच्या जवळच्या जातींनी तिन्ही चाली उचलल्या, त्याहून दूरच्यांनी वैधव्य आणि बालविवाह, आणखी दूरच्यांनी फक्त बालविवाह, आणि सर्वांत दूरच्यांनी जातीवरची श्रद्धा तेवढी. तार्दचा अंतराचा नियम इतका नेमका लागू केलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. शिवाय अनुकरणावरच ते थांबले नाहीत. काहींनी दार लावलं, म्हणून उरलेले आपोआप बाहेर बंद झाले. जात एकटी असूच शकत नाही, जाती नेहमी अनेकवचनीच. पॅरिसमध्ये एकमेकांना छेद देणारी दोन मतं या विद्यार्थ्याच्या हातात एकमेकांना पूरक झाली.

हा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचे हिंदू धर्मावरचे लेखही याच सुमारास जर्मनीत निघत होते. वेबर भारतात कधी आला नव्हता. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली १९१९ मध्ये सुरू झाला. तिथे पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे शिकलेले एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले, द्यूरकेमच्या परंपरेतला मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन याच्या तालमीत राहिले, आणि १९५२ मध्ये संकल्पना मांडली ती मात्र अनुकरणाची: ‘संस्कृतीकरण’. मांसाहार आणि दारू सोडून, वरच्यांचे विधी उचलून एखादी जात पिढी-दोन पिढ्यांत वरचं स्थान मागते.

श्रीनिवासांना यात चढायची वाट दिसली. आंबेडकरांनी त्याच अनुकरणाला संसर्ग म्हटलं होतं. एका बाबतीत मात्र दोघांच्या नोंदी जुळतात. वरच्या जातींचं अनुकरण करू लागलेल्या समाजांत आधी चालणारा विधवेचा पुनर्विवाह आणि घटस्फोट आक्रसत जातो, आणि बंधनं वाढतात ती बायकांवरची, हे श्रीनिवासांनीही लिहून ठेवलं आहे.